सकाळी मी ठणठणीत असते

माझ्या फाइलमध्ये नसांच्या तपासणीचा एक रिपोर्ट आहे. त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘नॉर्मल’. या एका शब्दापायी माझे साडेचार महिने गेले. आता निदान झालंय, गोळ्या सुरू आहेत, घरचे म्हणतात सोड तो विषय. सुटत नाही, म्हणून लिहून टाकतेय.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. दर १० लाख माणसांत साधारण १५० ते २५० जणांना असतो, त्यामुळे ओळखीत कुणाला झालेला असण्याची शक्यता कमीच. मला तर नावही माहीत नव्हतं. मुलगी एका संध्याकाळी म्हणाली, “आई, तुझा एक डोळा झोपलाय.” आरशात पाहिलं तर डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली. सकाळी पुन्हा जागेवर. मग दिवे दोन-दोन दिसायला लागले. जेवताना पाच-सात घास झाले की जबडा दमायचा, हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागायचा. संध्याकाळच्या वर्गात शिकवताना शेवटच्या वीस मिनिटांत आवाज नाकात जायचा. एकदा पाणी पिताना ते नाकातून परत आलं, तेव्हा मात्र मी घाबरले. आणि हे सगळं रात्रीच्या झोपेनंतर पुसल्यासारखं जायचं.

चष्म्याचा नंबर, थायरॉइड, ब-१२, मेंदूचा एमआरआय हे सगळं सरळ पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी अडकले ती न्यूरॉलॉजीच्या ओपीडीच्या खिडकीवर.

ओपीडी सकाळी. माझी वेळ साडेनऊची. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, ढकलून पाहिले, “माझ्या बोटाकडे बघा” म्हणाले, गुडघ्यावर हातोडी मारली. सगळं व्यवस्थित. असणारच. दोन सेकंद ढकलून धरण्याची ताकद सकाळी माझ्याकडे भरपूर असते. तीच गोष्ट विसाव्यांदा करताना काय होतं, हे कुणी पाहिलं नाही. “खात्रीसाठी नसांची तपासणी करून घेऊ” म्हणाले. तीन आठवड्यांनी ती झाली, तीही सकाळीच. हाताच्या नि पायाच्या नसांना शॉक देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. रिपोर्ट नॉर्मल.

मी खिडकीवर गेले. “पुढची वेळ संध्याकाळची मिळेल का?”
“ओपीडी सकाळीच असते.”
“पण मला त्रास संध्याकाळी होतो.”
“मग संध्याकाळी इमर्जन्सीला जा.”

गेले. बीपी, ईसीजी, ऑक्सिजन, सगळं उत्तम. तिथले डॉक्टर सौजन्याने म्हणाले, “पापणीसाठी इमर्जन्सीत कशाला आलात? सकाळी ओपीडीला दाखवा.” म्हणजे सकाळचे लोक संध्याकाळी पाठवतात आणि संध्याकाळचे सकाळी. त्या रात्री घरी येऊन मी रडले, आणि रडताना लक्षात आलं की डोळे नीट मिटतही नाहीयेत.

मग मी काय केलं, तर तपासणीचा फॉर्म काढून शब्द न् शब्द वाचला. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करा.) फॉर्मवर दोन वेगळे चौकोन होते. वरचा नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे नसेचा वेग मोजण्याचा, त्यावर खूण. खालचा रिपिटिटिव्ह स्टिम्युलेशनचा, म्हणजे एकाच नसेला पुन्हा पुन्हा शॉक देण्याचा. तो कोरा. माझा आजार नेमका त्या कोऱ्या चौकोनात होता.

कारण या आजारात नस चांगलीच असते. बिघाड असतो नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागा) चिकटतं आणि स्नायू आकसतो. माझं शरीर त्या ग्राहकांविरुद्धच अँटिबॉडी बनवतं; त्या ग्राहक अडवतात, नष्टही करतात. लागोपाठ संदेश गेले की नसेतून सुटणारं रसायन दर वेळी थोडं कमी होतं. निरोगी माणसाकडे एवढी शिल्लक असते की त्याला ते कळतही नाही. माझ्याकडे शिल्लकच नाही. पहिला संदेश पोहोचतो, पुढचे गळायला लागतात. विश्रांती घेतली की पुन्हा साठा होतो, म्हणून सकाळी मी ठणठणीत. नसेचा वेग मोजणाऱ्या तपासणीला यातलं काही दिसण्याची सोयच नाही.

हे तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. मी फक्त फॉर्म घेऊन खिडकीवर गेले. “वरची तपासणी झालीय, खालची राहिलीय.” त्या बाईंनी फॉर्म पाहिला, रिपोर्ट पाहिला. “नॉर्मल आलाय ना? मग कशाला?” मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांची नवी चिठ्ठी लागेल. चिठ्ठीसाठी अपॉइंटमेंट. अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी. सकाळी साडेनऊ. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या, एकदा मला स्वतःची खुर्चीही दिली. पण चिठ्ठीशिवाय चौकोन नाही.

पाच आठवड्यांत मान धरवेना, केस विंचरताना हात मध्येच खाली यायचा. फोटोत माझं हसू दात विचकल्यासारखं दिसायला लागलं, ते पाहून मी फोटोच काढू देईना. मग साडेनऊची वेळ आली. मी अर्थातच ताजीतवानी. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटला. “सगळं नॉर्मल आहे. ताण फार घेता का?” मी खालच्या चौकोनाबद्दल तोंड उघडेपर्यंत केसपेपरवर मानसोपचार विभागाची चिठ्ठी झाली होती.

आता यातली गंमत. मानसोपचाराची ओपीडी दुपारी असते.

चार वाजता आत गेले. त्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “सांगा, काय होतंय?” आणि मला बोलू दिलं. साडेतीन-चार महिन्यांत कुठल्याही डॉक्टरसमोर मी एवढं बोलले नव्हते. अर्ध्या तासात माझा आवाज नाकात गेला, शब्द घसरायला लागले, पापणी उतरली. त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे माझ्याकडचं काम नाही,” म्हणाल्या, आणि फोन करून न्यूरॉलॉजीच्या एका निवासी डॉक्टरला बोलावून घेतलं. तो पोरगेलासा मुलगा. म्हणाला, छताकडे बघत राहा, डोळे मिटू नका. मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली आल्या. मग हातमोज्यात बर्फ भरून डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर! थंडीत ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम मंदावतं, म्हणून तेवढ्यापुरती ती उघडते. एवढ्या यंत्रांमधून गेल्यावर माझं निदान बर्फाने केलं.

खालच्या चौकोनावर त्या मुलाने स्वतः खूण केली. पाच दिवसांत तपासणी झाली. सेकंदाला तीन या वेगाने दहा शॉक, या वेळी चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर. पहिल्याच्या तुलनेत चौथा-पाचवा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरला तर चाचणी पॉझिटिव्ह. माझा चांगलाच घसरला. खरं सांगते, वाईट बातमी ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढचं भराभर झालं. रक्तात ग्राहकविरोधी अँटिबॉडी सापडल्या. (सर्वांगाला त्रास असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांत सापडतात. नाही सापडल्या म्हणजे आजार नाही असं नव्हे. ‘मस्क’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी २००१ मध्ये कळल्या, त्याही तपासायला सांगा.) छातीचा सीटी झाला, कारण १० ते १५ टक्के रुग्णांत छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत गाठ असते. मला नव्हती.

पायरिडोस्टिग्मिनची, म्हणजे ॲसिटिलकोलिन मोडणारं तेच एन्झाइम अडवणाऱ्या औषधाची, पहिली गोळी घेतल्यावर पाऊण तासाने मी पूर्ण जेवले, हनुवटीला टेकू न देता. पोटात मुरडा आला, तोंडाला लाळ सुटली, त्याचं काही वाटलं नाही. १९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिचमधल्या मेरी वॉकर या कनिष्ठ डॉक्टरने याच जातीचं औषध एका रुग्णाला टोचलं आणि उतरलेली पापणी वर गेलेली पाहिली. तिला सुचलं ते या आजाराचं क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेशी असलेलं साम्य पाहून. त्याच्याही आधी, १६७२ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने एका बाईबद्दल लिहून ठेवलंय: मोकळेपणी बोलते, पण बराच वेळ बोलली की माशासारखी मुकी होते आणि तास-दोन तास आवाज परत येत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांनी त्या बाईला पुरेसा वेळ बोलू दिलं होतं.

आठवलं तसं सांगते. दोन दिसत असेल तर एक डोळा झाका. दुसरी आकृती गेली तर भानगड डोळ्यांना फिरवणाऱ्या स्नायूंची किंवा त्यांच्या नसांची, चष्म्याची नव्हे. संध्याकाळचा व्हिडिओ काढा, वेळ दिसेल असा; मला हे सुचलं तेव्हा उशीर झाला होता. गोळी सुरू असेल तर लागोपाठ शॉकची तपासणी फसू शकते, किती तास आधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारा. स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्रास वाढू शकतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी हादरले. काही अँटिबायोटिक्स, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची आणि जेंटामायसिनच्या जातीची, हा आजार वाढवू शकतात, तसंच शिरेतून दिलेलं मॅग्नेशियमही. त्यांची यादी मी पर्समध्ये ठेवते आणि दाताच्या डॉक्टरलाही दाखवते. आणि आडवं पडल्यावर धाप लागली, एका श्वासात मोजता येणारे आकडे रोजच्यापेक्षा घसरले, थुंकी गिळवेना, तर बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर विसंबू नका. श्वासाचे स्नायू दमत असताना ते बराच वेळ चांगला आकडा दाखवतं. थेट इमर्जन्सी. तेव्हा मात्र ते सकाळी या म्हणत नाहीत.

त्या जुन्या रिपोर्टवर ‘रिपिटिटिव्ह स्टिम्युलेशन केलेले नाही’ एवढी एक ओळ लिहून द्या, असा मी अर्ज दिलाय. पुढच्या एखाद्या डॉक्टरने तो नुसता ‘नॉर्मल’ वाचू नये म्हणून. दोन महिने झाले. परवा संध्याकाळी खिडकीवर चौकशीला गेले, तर म्हणाल्या, त्याचं सकाळी बघतात.