उंदीर, सातूचे पीठ आणि एक काचपट्टी

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत सात वर्षांच्या एका मुलाचा शौचाचा नमुना आला. तक्रारी नेहमीच्याच होत्या: अधूनमधून पोट दुखणे, जेवणावर वासना नसणे, रात्री किरकिर. फेब्रुवारीत शाळेत जंताची गोळी देऊन झाली होती, त्यामुळे जंत असण्याची शक्यता घरच्यांनी मनातून काढूनच टाकली होती. काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात नमुना कालवला, वर पातळ काच ठेवली आणि पाहू लागले. तिसऱ्या-चौथ्या फेरीत एक गोल, पिवळसर तपकिरी, जाड कवचाचे अंडे नजरेखाली आले. आत सहा बारीक आकड्या असलेला गर्भ स्पष्ट दिसत होता. बटू पट्टकृमीची (पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा जंत), म्हणजे हायमेनोलेपिस नानाची अंडी मुलांच्या नमुन्यांत आम्हाला मधूनमधून दिसतात, पण ती आकाराने बरीच लहान आणि फिकट असतात, आणि त्यांच्या आतल्या पापुद्र्याच्या दोन्ही टोकांकडून बारीक तंतू निघालेले असतात. इथे तंतू नव्हते आणि अंडे जवळजवळ दुप्पट मोठे होते. ते उंदराच्या पट्टकृमीचे, हायमेनोलेपिस डिमिन्युटाचे अंडे होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते मी दुसऱ्यांदा पाहत होते.

उंदरांपासून होणारे रोग म्हटले की आपल्याला प्लेग आणि लेप्टो आठवतात, आणि ते स्वाभाविक आहे. १८९६ चा मुंबईतला प्लेग आपल्या आजी-पणजींच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत पोहोचला आहे, आणि २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची भीती मुंबईत घरोघरी पोहोचली. हे दोन्ही जिवाणूंचे रोग आहेत. उंदराच्या आतड्यात, यकृतात, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि रक्तात राहणाऱ्या परजीवींबद्दल मात्र डॉक्टरांच्या प्रतीक्षालयातही कोणी बोलताना मी ऐकलेले नाही. यांपैकी बहुतेक परजीवी उंदरातून थेट माणसात येत नाहीत. मध्ये एखादा किडा, गोगलगाय, मांजर किंवा नुसती माती असते. उंदीर मारला की काम झाले, या आपल्या समजुतीत ही मधली वाट सुटून जाते, आणि हे लिहायला बसले ते त्या वाटेसाठीच.

मुलाची आई दुसऱ्या दिवशी अहवाल न्यायला आली तेव्हा पहिल्यांदा तिला रागच आला. “मॅडम, आमच्या घरात घाण नसते हो,” असे ती म्हणाली, आणि ते खरेच असणार. मी तिला विचारले की मुलगा न शिजवलेले काही खातो का. थोडा विचार करून ती म्हणाली, की त्याला सातूचे पीठ फार आवडते, गूळ-दूध घालून रोज सकाळी एक वाटी. मी तिला तो डबा आणायला सांगितले. संध्याकाळी तिने आणलेले पीठ वर्तमानपत्रावर चाळले, तर चाळणीत नऊ तांबूस, चपटे, तीन-चार मिलिमीटर लांबीचे किडे वळवळत होते. घरोघरी आपण त्यांना सरसकट पोरकिडे म्हणून मोकळे होतो.

ही वाट अशी आहे. उंदराच्या लहान आतड्यात वीस ते साठ सेंटिमीटर लांबीचा हा पट्टकृमी राहतो आणि त्याची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. धान्याच्या कोठीत किंवा गोदामात त्या लेंड्या पिठात, भुशात मिसळतात. पिठातला किडा ती अंडी खातो, त्याच्या शरीरात गर्भ आकड्यांनी आतड्याची भिंत फोडून पोकळीत शिरतो आणि एक-दोन आठवड्यांत तिथे शेपटीवाली, वाटाण्यापेक्षा कितीतरी बारीक अशी अळी तयार होते. तो किडा उंदराने खाल्ला तर उंदरात, आणि पिठाबरोबर माणसाच्या पोटात गेला तर माणसात, तीन आठवड्यांच्या आत जंत पूर्ण वाढतो. नुसती अंडी पोटात गेल्याने हा जंत होत नाही. किडाच गिळला जावा लागतो. म्हणून शिजवलेल्या भाकरी-पोळीतून त्याचा धोका नाही. सातू, मेतकूट, कच्च्या कणकेचे गोळे, मूठभर कोरडे पीठ तोंडात टाकण्याची सवय, इथे तो आहे. सातूचे धान्य भाजलेले असते हे खरे, पण किडा भाजल्यानंतर डब्यात शिरतो.

त्या नऊ किड्यांपैकी सहा मी सुईने उघडून पाहिले. अळी एकातही सापडली नाही. सहा किडे म्हणजे काहीच नव्हे, आणि निदान अंड्यावरून आधीच पक्के होते, म्हणून मी तिथेच थांबले.

शाळेतल्या गोळीबद्दल इथे सांगायलाच हवे, कारण आईचा मुख्य प्रश्न तोच होता. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना त्यात अल्बेंडाझोल दिले जाते. गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी ही मोहीम आहे, आणि ती मला मनापासून मोलाची वाटते; रक्तक्षयाने पिवळट पडलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पण या पट्टकृमींवर त्या गोळीचा भरवसा धरता येत नाही. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल हे औषध वजनाच्या हिशेबाने डॉक्टर देतात. “गोळी दिली आहे, म्हणजे जंत नाहीत” असे गृहीत धरून नमुना न तपासणे ही चूक मी अनेकदा होताना पाहिली आहे. बटू पट्टकृमीच्या बाबतीत तर ती अधिक महाग पडते, कारण त्याची अंडी माणसाच्या आतड्यातच फुटून संसर्ग आतल्या आत वाढत राहू शकतो. त्याला मधल्या किड्याची गरजच नसते. तो उंदरांतही सापडतो, पण मुलांमध्ये प्रामुख्याने न धुतलेल्या हातांवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि त्याचा सगळा दोष उंदरावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

बोलता बोलता ती आई म्हणाली, “उंदीर पिंजऱ्यात सापडतात, पण आम्ही लगेच पाण्यात बुडवून मागच्या मोकळ्या जागेत टाकतो.” त्याच मोकळ्या जागेत वाड्यातली सगळी मुले संध्याकाळी खेळतात. ते ऐकल्यावर मला त्या पट्टकृमीपेक्षा अधिक काळजी वाटली.

कॅपिलारिया हेपॅटिका नावाचा केसासारखा बारीक जंत उंदराच्या यकृतात राहतो. मादी अंडी यकृताच्या पेशींतच घालते आणि तिथेच मरते. त्या अंड्यांना बाहेर पडायला वाट नसते. ती पित्तातून उतरत नाहीत, लेंड्यांत येत नाहीत. उंदीर जिवंत आहे तोवर ती यकृतात पांढुरक्या-पिवळ्या ठिपक्यांच्या रूपाने अडकून पडलेली असतात. उंदीर मेला आणि कुजला, किंवा मांजर-कुत्र्याने तो खाल्ला आणि अंडी त्यांच्या विष्ठेतून पडली, तरच ती मातीत येतात. मग ओलावा आणि हवा मिळाली की सुमारे महिन्याभरात त्यांत अळी तयार होते. तीच माती लहान मुलाच्या बोटांवरून तोंडात गेली की अळ्या आतड्यातून यकृतात पोहोचतात. सततचा ताप, वाढलेले यकृत आणि रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे भरमसाट प्रमाण ही त्याची मुख्य लक्षणे. म्हणजे या जंताच्या दृष्टीने उंदराचे मरणे हा शेवट नसून सुरुवात आहे, आणि मेलेला उंदीर उघड्यावर फेकणे म्हणजे त्याला वाट करून देणे आहे.

माणसातल्या या आजाराची पहिली नोंद १९२४ मधली, भारतात असलेल्या एका ब्रिटिश सैनिकाची आहे. त्यानंतर जगभरात फार थोड्या नोंदी झाल्या, आणि आजार दुर्मीळ आहे यात शंका नाही. पण माझ्या कामाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट बोचणारी आहे: रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात या जंताची अंडी कधीच येत नाहीत. निदानासाठी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागतो. उलट शौचात ही अंडी दिसलीच, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्या माणसाने एखाद्या बाधित प्राण्याचे यकृत खाल्ले आणि अंडी नुसती पोटातून पार झाली. माझ्या सूक्ष्मदर्शकाने “काही नाही” म्हणून सांगितले तरी ज्यात समाधान मानता येत नाही, असा हा आजार आहे.

तिसरी वाट गोगलगायीची. अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस हा जंत उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो. चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांत तो सापडला आणि १९३५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या अळ्या उंदराच्या घशातून गिळल्या जाऊन लेंड्यांत येतात, गोगलगायीत आणि बिनशंखाच्या शेंबड्या गोगलगायीत वाढतात, आणि गोगलगाय उंदराने खाल्ली की आधी मेंदूत जाऊन मग फुप्फुसाकडे परततात. माणसात त्या मेंदूपर्यंत जातात आणि बहुतेक तिथेच मरतात. त्यातून मेंदूच्या आवरणाला सूज येते, डोके असह्य दुखते, मान ताठते, अंगावर मुंग्या येतात, आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात एरवी न दिसणाऱ्या इओसिनोफिल पेशी दिसतात. हे दूरच्या बेटांवरचे प्रकरण नव्हे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या उंदरांत हा जंत असल्याचे संशोधकांनी नोंदवले, पुढे घुशींतही तो आढळला. केरळात घोरपडीचे कच्चे मांस औषध म्हणून खाल्लेल्या लोकांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत, कारण गोगलगाय खाणाऱ्या प्राण्याच्या मांसात अळ्या तशाच टिकून राहतात.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांच्या घरची माणसे, मुलेसुद्धा, त्या गोगलगायी हातांनी वेचत होती. त्या गोगलगायींत हा जंत होता असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण जिथे उंदीर आणि गोगलगाय एकाच बांधावर राहतात, तिथे उघड्या हातांनी वेचणी करून त्याच हातांनी भाकरी खाणे मला पटत नाही. हातात प्लास्टिकची पिशवी घालणे फार अवघड नाही. पावसाळ्यातली कोथिंबीर, मुळ्याचा पाला आणि कांद्याची पात एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावी हेही याचसाठी; बोटाच्या नखाएवढे गोगलगायीचे पिल्लू देठाच्या बेचक्यात सहज दडून राहते.

रक्तातल्या परजीवीचा उल्लेख करून थांबते. ट्रिपॅनोसोमा लेविसी हा उंदराच्या रक्तातला, पिसवांमार्फत पसरणारा परजीवी १८७८ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांनी पाहिला, आणि शतकाहून अधिक काळ तो माणसाला निरुपद्रवी समजला गेला. महाराष्ट्रात त्याने एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा घटना बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, पण उंदरांचा वावर असलेल्या घरातल्या तान्ह्या बाळाला न उतरणारा ताप असेल, तर उंदरांची माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी, एवढे मात्र मी प्रत्येकाला सांगते.

त्या मुलाला डॉक्टरांनी औषध दिले. महिन्याभराने आलेल्या नमुन्याच्या तीन काचपट्ट्या मी पाहिल्या, आणि खात्रीसाठी आठवड्याने आणखी एक नमुना मागवला. दोन्हींत अंडी नव्हती. सातू आता थोडे थोडे दळले जाते आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये राहते. पिंजरा अजून रोज लावला जातो. सापडलेला उंदीर मुलाचे वडील हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधतात आणि सकाळी घंटागाडीच्या माणसाला तो काय आहे हे सांगून देतात. मागच्या मोकळ्या जागेतली वरची माती वाड्यातल्या लोकांनी मिळून काढली, असे तिने परवा फोनवर सांगितले. ती कुठे टाकली, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. उद्या पुन्हा फोन करणार आहे.