तुझे केस कशे रवले?

"गो, कॅन्सर झालो मा तुका? मगे तुझे केस कशे रवले?" मालवणच्या बाजारात बांगडे निवडताना हा प्रश्न अजून येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

3 वर्षं मी दम्याची बाई होते. पाऊस लागला की छातीत शिट्टी वाजायची. भिंतींना बुरसा, कपडे सुकत नाहीत, अशात मालवणात कोणाची वाजत नाही? इनहेलर ओढायचा, वाफ घ्यायची. न्यूमोनिया दोनदा झाला, दोन्ही वेळा उजवीकडे, वरच त्याच जागी. तिथे तरी कोणाला शंका यायला हवी होती. मला कुठे आली म्हणा! मग एका सकाळी थुंकीत रक्त. टीबीची तपासणी निगेटिव्ह. एका तरुण डॉक्टरणीने पाठ दोन्हीकडून ऐकली आणि म्हणाली, "दमा काय एकाच फुफ्फुसाला होतो?"

सीटी झाला, मग कोकणकन्येने मुंबई. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे नळीतून कॅमेरा आत घालून बघितल्यावर, श्वासनळीच्या फांदीत गाठ दिसली. रतांब्याच्या रंगाची, गुळगुळीत. अशा गाठीतून रक्त फार येतं, म्हणून तुकडा जपून काढला.

तुकडा तपासल्यावर गाठीचं नाव कळलं, टिपिकल कार्सिनॉइड. फुफ्फुसाच्या 100 कॅन्सरांत हा एखाद-दुसरा, आणि तंबाखूशी त्याचं नातं तसं पक्कं नाही. हे नाव ओबर्नडॉर्फर या जर्मन डॉक्टराने 1907 मध्ये आतड्यातल्या गाठींना दिलं. अर्थ, कर्करोगासारखा. एवढं ऐकून आमच्या आतेने "म्हणजे खरो न्हय" असं जाहीर करून टाकलं. खराच हो. पसरतोही, फक्त सावकाश.

आता केस. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठते. केसांची मुळं तशीच, म्हणून ती आधी सापडतात. माझ्या गाठीच्या पेशी इतक्या मंद, की केमोचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही. गाठ आणखी कुठे नाही ना, हे बघायला गॅलियमचा डोटाटेट स्कॅन केला आणि मग ऑपरेशन. वरचा भाग नळीच्या तुकड्यासकट काढला, नळीची टोकं पुन्हा शिवली, खालचं फुफ्फुस वाचवलं. लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या, म्हणून पुढे औषधच नाही. स्कॅन मात्र बरीच वर्षं करायचे आहेत, कारण हा उशिराही परततो.

वण बगलेखालून पाठीपर्यंत आहे. खात्री करायची तर घरी या, दाखवते. बाजारात नको.