सातव्या तारेसाठी पिकअप शोधताना

दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड सात तारांची गिटार घेतली. बासवूडची बॉडी, स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंची. क्लीन आवाजात झकास. पण डिस्टॉर्शन (फाटका, जोरकस आवाज) लावून सातव्या तारेवर पाम म्यूट मारले, म्हणजे तळहाताच्या कडेने तार दाबून वाजवली, की नुसता लगदा. सहा तारांच्या गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झच्या आसपास असते, ही खालची बी तार ६२च्या जवळ. एवढ्या खर्जात वेगाने वाजवलेला रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) म्हणजे दाराबाहेर कुणीतरी फर्निचर ओढतंय असं वाटायचं.

मी लगेच ठरवून टाकलं की पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) कमजोर आहे, जास्त आऊटपुटवाला हवा. मेटलवाल्यांची ही जुनीच खोड. मग बँडमधला ड्रमर म्हणाला, ‘अरे, आधी तार तरी बदल.’ तार .०५४ इंच जाडीची होती, ती .०६२ची केली. नटची (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच थोडी घासावी लागली, पण ढिलेपणा गेला. लगदा मात्र निम्माच कमी झाला.

खरा उलगडा वेगळ्याच प्रयोगात झाला. अॅम्पच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावला, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. असा पेडल डिस्टॉर्शनच्या आधीच बेस छाटतो. आणि काय सांगू, रिफ एकदम सुटा झाला! म्हणजे कमी होती ती ताकद नव्हे. उलट माझा जुना पिकअप अॅम्पला नको इतका बेस पाजत होता.

तिथून नव्या पिकअपची यादी झपाझप आखडली. ईएमजी ७०७चं आकर्षण होतं, पण तो सोपबार, म्हणजे साबणाच्या वडीसारख्या मोठ्या आकाराचा. माझ्या गिटारचं लाकूड कोरावं लागलं असतं, शिवाय ९ व्होल्टच्या बॅटरीला जागा शोधा. बेअर नकलचा आफ्टरमॅथ परदेशातून मागवायचा, वर कस्टम ड्युटी, नको. उरले सेमूर डंकनचे दोन, नॅझगुल आणि पेगासस. नॅझगुल सिरॅमिक मॅग्नेटचा, आक्रमक. पेगासस अल्निको ५ या मिश्रधातूच्या मॅग्नेटचा. मला रिफच्या मधेमधे मोठे कॉर्ड वाजवायचे असतात आणि त्यात प्रत्येक स्वर ऐकू यायला हवा, म्हणून पेगासस घेतला. नुसतं चगचग वाजवायचं असतं तर नॅझगुलच घेतला असता.

बसवायचं काम स्वतःच करायची हौस. तपकीर गल्लीतून सोल्डर आणि स्वस्तातला मल्टीमीटर आणला, एक आकृती समोर ठेवून वायरी जोडल्या. आवाज आला तो किरकिरा, पातळ, वर घूंऽऽ अशी गुणगुण. इतके पैसे घालून हे? रात्रभर चडफडलो. सकाळी मल्टीमीटर लावला तर रेझिस्टन्स कंपनीच्या आकड्याच्या जेमतेम निम्मा. तेव्हा कुठे ट्यूब पेटली: आकृती डिमार्झिओची होती! त्यांच्याकडे लाल वायर हॉट (सिग्नलची) आणि काळी-पांढरी एकत्र जोडतात. डंकनमध्ये काळी हॉट, लाल-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. मी एक कॉइल स्वतःशीच शॉर्ट करून ठेवली होती, म्हणजे दोन कॉइलचा अख्खा हंबकर सिंगल कॉइलसारखा वाजत होता. वायरी बदलायला दहा मिनिटं लागली.

त्यानंतरचा आठवडा उंचीत गेला. आधी पिकअप तारांच्या अगदी जवळ आणला होता, कारण ‘जवळ म्हणजे दमदार’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. खालच्या बाजूला पुन्हा तोच गिचका. मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर तार दाबून मोजलं तर आता जाड तारेशी ३ मिलिमीटर अंतर आहे, बारीक तारेशी २. जाड तारेचा स्क्रू एक वेढा सैल केल्यावर जो फरक पडला, तेवढा मला तार बदलूनही जाणवला नव्हता.

ओव्हरड्राइव्ह अजून लावतोच, पण आता सवयीने. सोलोचा आवाज पूर्वीपेक्षा किंचित सडपातळ झालाय, आणि त्याबद्दल ड्रमरचं मत मी विचारलेलं नाही.