पासंग

‘तो त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही’ हा वाक्प्रचार मी आजवर कित्येकदा वापरला असेन, पण पासंग कशाशी खातात हे मला कळले ते स्वतःच्या खोलीचा आवाज मोजायला बसल्यावर. रिकाम्या तराजूची पारडी एका पातळीत राहत नसतील, तर हलक्या बाजूला जो खडा किंवा लोखंडाचा तुकडा अडकवतात, तो पासंग. माल तोलण्याआधी तराजूच तोलून घ्यायचा, असा हा प्रकार. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला अंशशोधन म्हणतात आणि तो शब्द बरोबरही आहे. मात्र आपल्याच हातातल्या साधनावर संशय घेण्यात जी गंमत आहे, ती त्यात उतरत नाही.

निमित्त साधे होते. माझ्या खोलीत गाणे ऐकताना खर्जातले काही सूर अंगावर धावून येत आणि काही कुठे जात ते समजत नसे. याचे कारण पुस्तकात वाचले होते. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर अंतर कापतो, त्यामुळे एकमेकींपासून 4 मीटरवर उभ्या असलेल्या दोन भिंतींमध्ये 43 हर्ट्झच्या आसपासचा सूर कोंडल्यासारखा होतो. भिंतीलगत तो दणदणतो आणि बरोबर मध्यावर बसलेल्या माणसाला जवळजवळ ऐकूच येत नाही. हे आपल्या खोलीत खरोखर किती घडते ते पाहावे, म्हणून मी एक मापनाचा माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी आणि संगणकातला आवाज बाहेर काढणारी पेटी) आणि फुकट मिळणारे एक सॉफ्टवेअर जमवले.

मोजण्याची रीत मोठी देखणी आहे. संगणक स्पीकरमधून 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर सोडतो, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकांची एकच अखंड मींड, आणि माइकने जे ऐकले त्यावरून खोलीने त्या सुराचे काय केले याचा आलेख काढतो. याला स्वीप म्हणतात. आन्जेलो फारिना यांनी 2000 साली मांडलेल्या पद्धतीने स्वीप सोडला, तर स्पीकरने स्वतःहून घातलेली सुरांची भेसळही वेगळी काढता येते. अडचण एवढीच की संगणकातून निघालेला सूर इंटरफेस, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, खोली, माइक आणि पुन्हा इंटरफेस असा प्रवास करून परततो, आणि वाटेतला प्रत्येक जण त्यात आपले काहीतरी मिसळतो. मला त्यातली फक्त खोली हवी होती.

म्हणून पहिला नंबर इंटरफेसचा. त्याच्या आउटपुटमधून निघालेली वायर त्याच्याच इनपुटमध्ये खोचायची आणि स्वीप सोडायचा, हाच लूपबॅक. ना स्पीकर, ना माइक, ना हवा. संगणक स्वतःशीच बोलतो आणि स्वतःचेच ऐकतो, आणि जी रेषा उमटते ती त्याच्या स्वतःच्या खोडीची. पहिल्या खेपेला मी इनपुटचा आवाज थेट आउटपुटकडे पाठवणारे बटण बंद करायला विसरलो. वायरमधून आत आलेला सूर पुन्हा बाहेर, बाहेरचा पुन्हा आत, असा तो फिरत राहिला आणि पडद्यावरची पट्टी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लाल झाली. स्पीकर अलग केलेले असल्यामुळे खोलीत मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. इतका मोठा आरडाओरडा इतक्या मुकाट्याने चाललेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

बटण बंद केल्यावर मिळालेली रेषा जवळजवळ सरळ होती. अगदी खालच्या टोकाला, 20 हर्ट्झपाशी, अर्धा डेसिबल झुकलेली. सॉफ्टवेअर ती जपून ठेवते आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करते. खरे सांगायचे तर खोलीच्या आलेखात वीस-वीस डेसिबलचे डोंगर आणि दऱ्या दिसणार असताना या अर्ध्या डेसिबलचा हिशेब ठेवणे म्हणजे पोत्यांच्या वजनात सुतळीचे वजन धरण्यासारखे आहे. आजकालचे बहुतेक इंटरफेस इतके सरळमार्गी असतात की ही पायरी गाळली तरी फारसे बिघडत नाही. तरीही मी ती दर वेळी करतो, कारण साऱ्या खटाटोपात निर्विवाद असे उत्तर तेवढ्या एकाच मोजणीतून मिळते.

माइकचे तसे नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन माइकांचे कानही थोडे वेगळे असतात, त्यामुळे चांगल्या मापनाच्या माइकसोबत त्याच्या अनुक्रमांकाची स्वतंत्र फाइल मिळते. उघडून पाहिली तर आत आकड्यांचे दोन रकाने: डावीकडे वारंवारता, उजवीकडे त्या ठिकाणी हा माइक किती डेसिबल जास्त किंवा कमी ऐकतो ते. माझ्या माइकच्या अशा दोन फाइली होत्या, एक स्पीकरकडे तोंड करून ठेवलेल्या माइकसाठी आणि दुसरी छताकडे रोखलेल्या माइकसाठी, कारण बाजूने येणारे तारसप्तकाच्याही खूप वरचे बारीक आवाज माइकला कमीच ऐकू येतात. मी माइक छताकडे रोखला आणि फाइल जोडली ती पहिली. आलेखात वरच्या पट्टीतला आवाज भलताच खचलेला दिसला. मी त्याचा ठपका जाड पडद्यावर ठेवला, स्टुलावर चढून पडदा उतरवला, पुन्हा मोजले, आणि आलेख जवळपास तसाच आला. चूक ध्यानात येईपर्यंत पडद्याची घडी घालून तो कपाटात गेला होता. निरपराध पडदा पुन्हा लावताना मला, खोटे कशाला बोलू, थोडे ओशाळल्यासारखे झाले.

आवाज मुळात किती मोठा आहे, याचाही एक वेगळा पासंग असतो. माइकच्या तोंडावर बसणारे एक लहानसे उपकरण 1,000 हर्ट्झचा, 94 डेसिबलचा सूर काढते आणि सॉफ्टवेअरला ‘हे 94’ असे सांगून ठेवायचे. हा आकडा आडनिडा वाटला तरी तो बरोबर 1 पास्कल दाबाचा आहे. मात्र त्यानंतर इंटरफेसवरच्या गेनच्या, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या, खुंटीला कोणाचा धक्का जरी लागला, तरी सारे मुसळ केरात. माझ्याकडे त्या खुंटीवर आता चिकटपट्टी असते.

एवढे सगळे वजा करून झाल्यावर माझ्या लक्षात आले की खोलीत आणखी एक वस्तू आहे, आणि ती खुर्चीत बसून माऊस हलवते आहे. त्या वेळी मला वॉलेस क्लेमंट सॅबिन यांची आठवण झाली. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहाचे काम सोपवले, कारण तिथे उच्चारलेला शब्द विरायला साडेपाच सेकंदांहून अधिक वेळ लागे आणि वक्त्याचे काही म्हणता काही समजत नसे. त्यांच्याजवळ ऑर्गनची 512 हर्ट्झची एक नळी, वेळ नोंदवणारे घड्याळ आणि स्वतःचे कान एवढेच होते. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, मोजायचे, आणि सकाळपूर्वी त्या परत न्यायच्या. पुढे त्यांना दिसून आले की आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात आणि कपडे बदलले की उत्तर बदलते. तेव्हापासून ते प्रयोगाला ठरावीकच कपडे घालून बसू लागले.

मी तितका कर्मठ नाही. मी खुर्चीत बसून एकदा स्वीप घेतला, आणि मग सॉफ्टवेअरला थोडा वेळ थांबायला सांगून, दार लोटून बाहेर जाऊन उभा राहिलो व दुसरा घेतला. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या तेव्हा खालच्या सुरांत त्या चिकटून चालल्या होत्या आणि जरा वर गेल्यावर ठिकठिकाणी फारकत घेत होत्या. ती फारकत म्हणजे मी. आता ती वजा करायची की नाही, हे मला ठरवता येईना, कारण गाणे ऐकायला त्या खोलीत बसणार तर मीच. शेवटी मी दोन्ही मोजण्या ठेवल्या, एकीला ‘मला धरून’ असे नाव दिले आणि दुसरीला ‘मला वगळून’.