मावशीचा व्हिसा, आणि अपील नेमकं कुणाला करता येतं

मावशीला ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. एकटी बाई, निवृत्त शिक्षिका, मूलबाळ नाही. ही परत जाईल कशावरून, अशी शंका त्यांना येणारच. माझं डोकं फिरलं ते पत्रातल्या शेवटच्या ओळींनी. या निर्णयावर फेरतपासणी मागता येणार नाही म्हणे!

इथे मेलबर्नमध्ये आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या आईच्या नकाराविरुद्ध ट्रायब्युनलमध्ये (सरकारी निर्णयांची फेरतपासणी करणारं मंडळ) जाऊन व्हिसा मिळवला होता. तोच सबक्लास 600 (व्हिजिटर व्हिसाचा क्रमांक), तोच टूरिस्ट स्ट्रीम (त्यातला पर्यटकांचा प्रकार), कारणही तेच: तात्पुरतं राहण्याचा हेतू पटला नाही. मग आम्हालाच का नाही?

उत्तर मायग्रेशन ॲक्टच्या कलम 338 मध्ये सापडलं. देशाबाहेरून केलेला असा अर्ज फेटाळला गेला, तर ट्रायब्युनलला तो ठरावीक नात्यांपुरताच तपासता येतो. ज्याला भेटायला यायचं तो इथला नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट हवा, आणि अर्जदाराचा जोडीदार, आईवडील, मूल, भाऊ किंवा बहीण हवा. बस, एवढंच. मावशी नाही, आत्या नाही, काका नाही, आजीसुद्धा नाही. माझी आई इथली नागरिक असती, तर तिला बहिणीसाठी दाद मागता आली असती. जिला मावशीने दहावीपर्यंत सांभाळलं, त्या भाचीला नाही. अधिकारक्षेत्रच नसेल तर समोरच्या सदस्याला कितीही वाटलं, तरी कागद उघडून बघता येत नाहीत. आमची केस कच्ची आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. पण इथे ती कुणी वाचणारच नव्हतं.

एका एजंटने ‘तरी अर्ज टाकून बघू’ म्हटलं. ट्रायब्युनलची फी 3,000 डॉलरच्या वर आहे. जिंकलात तर निम्मी परत मिळते, पण जिथे उभंच राहता येत नाही तिथे जिंकणार कसे? कोर्टाचा रस्ता असतो, 35 दिवसांत. मात्र तिथे फक्त कायद्याची चूक बघतात, मावशी खरंच परत जाणार का हे नाही. तो मी सोडला.

सुटका झाली ती वेगळ्याच दारातून. त्याच सबक्लास 600 मध्ये ‘स्पॉन्सर्ड फॅमिली’ स्ट्रीम आहे, म्हणजे इथला नातेवाईक पाहुण्याची हमी घेतो, आणि त्यात भाची मावशीला स्पॉन्सर करू शकते! शिवाय इथे नकार आला तर फेरतपासणीचा अर्ज स्पॉन्सरला, म्हणजे मला, करता येतो. हे आधी कुणी सांगितलं नाही, कारण टूरिस्ट स्ट्रीम सोपा म्हणून सगळे तोच भरतात. स्पॉन्सर्डमध्ये सिक्युरिटी बाँड (अनामत रक्कम) मागू शकतात, 5,000 ते 15,000 डॉलरपर्यंत, आणि व्हिसावर 8503 अट येते: इथे राहून मुक्काम वाढवायचा नाही. मावशीला कुठे वाढवायचाय! पावसाआधी कणकवलीचं घर शाकारायचं म्हणून परतीचं तिकीट तिनेच आधी काढायला लावलं. व्हिसा मिळाला, ती आली, माझ्या स्वयंपाकघरावर ताबाही घेतला.

ज्यांचे आईवडील किंवा भावंडं यायची आहेत त्यांच्यासाठी: ट्रायब्युनलमध्ये अर्ज इथल्या नातेवाइकाने करायचा, आईवडिलांनी नाही. नवीन कागद तिथे देता येतात, पण व्हिसा ट्रायब्युनल देत नाही. अमुक अट पूर्ण होते असं सांगून फाईल व्हिसा खात्याकडे परत पाठवतं, आणि पुढचा निर्णय तिथेच होतो. म्हणजे पुढच्या महिन्यातल्या बारशाला याचा उपयोग नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी, अर्ज करायची 70 दिवसांची मुदत विसरा. ती जुन्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलच्या काळातली. 14 ऑक्टोबर 2024 पासून त्याच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल आलं, आता 28 दिवस, आणि ते वाढवून मिळत नाहीत.

अजून एक राहिलं. मूळ फॉर्ममध्ये ज्याच्याकडे येणार त्या मुलाची किंवा बहिणीची माहिती भरा. ‘फिरायला’ एवढंच लिहून तो रकाना रिकामा ठेवलात, तर नातं सख्खं असूनही पुढे दाद मागता येत नाही.