आमची वाटचाल : गिअरबॉक्स किती ताकद पेलतो?

वडिलांनी भोसरी एमआयडीसीत गिअरबॉक्स दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा दारात टेम्पो आणि जीप उभ्या असायच्या. मालकांना एवढंच हवं असायचं की उद्या सकाळी गाडी धंद्यावर लागली पाहिजे. आता निम्म्याहून जास्त काम छोट्या, वेगवान गाड्यांचं असतं आणि येणारा पहिला प्रश्न असतो, "दादा, हा बॉक्स किती पॉवर घेईल?" आमची सगळी वाटचाल या एका प्रश्नाचं नीट उत्तर देण्यासाठी झाली, असं म्हटलं तरी चालेल.

हा बदल चाकणमुळे झाला. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ साली सुरू झाला आणि २०२२ पर्यंत पोलो तिथेच बनत होती. २०२० मध्ये तिला १.० टीएसआय इंजिन आलं : ११० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखं पॉवरचं माप), १७५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि सहा गिअरचा मॅन्युअल. पुण्यातल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. लॅपटॉप लावून रिमॅप केलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, की टॉर्क सव्वादोनशेच्या पुढे जातो. इंजिन बदलल्यासारखं वाटतं, पण गिअरबॉक्समधलं लोखंड तेच राहतं.

फोक्सवॅगनच्या मॅन्युअल बॉक्सच्या नावातच त्याची ऐपत लिहिलेली असते. एमक्यू२००, एमक्यू२५०, एमक्यू३५० यांतला आकडा साधारणपणे न्यूटन मीटरचा, म्हणजे टॉर्कचा. पॉवरचा नाही. गिऱ्हाइकाला मी हेच आधी सांगतो, कारण गिअरच्या दातावर येणारा जोर टॉर्क ठरवतो. हिशोब सोपा आहे : टॉर्कला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॉट मिळतात, त्यांना १.३६ ने गुणलं की पीएस. २००० आरपीएमला २३० न्यूटन मीटर म्हणजे जेमतेम ६५ पीएस. ५२५० आरपीएमला १७५ न्यूटन मीटर म्हणजे जवळपास १३१ पीएस. कागदावर दुसरी गाडी दुप्पट ताकदीची, पण बॉक्सला पहिली जास्त छळते. खंबाटकी घाटात चौथ्या गिअरमध्ये, खालच्या आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढणारा माणूस शर्यतीच्या ट्रॅकवर लाल रेषेपर्यंत फिरवणाऱ्यापेक्षा बेरिंगचं जास्त नुकसान करू शकतो.

नावातल्या आकड्याच्या वर गेलं म्हणजे बॉक्स लगेच फुटतो, असंही नाही. तो आकडा गाडीच्या पूर्ण आयुष्याचा विचार करून ठेवलेला असतो. वर गेलात की खर्च होतं ते आयुष्य. बॉल बेरिंगचं आयुष्य लोडच्या घनाच्या उलट्या प्रमाणात घटतं. १७५ चा टॉर्क २३० केला तर लोड एकतीस टक्के वाढतो, पण बेरिंगचं आयुष्य निम्म्याहूनही कमी उरतं. रिमॅप करून घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दात तुटलेला बॉक्स आला की लोक म्हणतात, गिअर कच्चा होता. बहुतेक वेळा गिअर चांगला असतो. तिरक्या दाताचे गिअर एकमेकांना नुसते फिरवत नाहीत, बाजूलाही ढकलतात. टॉर्क वाढला की दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून लांब सरकू पाहतात, ॲल्युमिनियमचं हाउसिंग (बाहेरचं कवच) किंचित उघडतं आणि अख्ख्या दातावर पसरायचा भार एका कडेवर येतो. तुटलेला दात भिंगाखाली धरला की घासल्याची चमक एकाच टोकाला दिसते. तिथे महागडा गिअर घालून उपयोग नाही, आधी बेरिंगच्या बैठका आणि शिमिंग (पातळ चकत्या घालून जुळवलेली फट) तपासावं लागतं. माझी धाकटी बहीण दुकानात आली ती मोजमापाचं शिक्षण घेऊन. तिने प्रत्येक हाउसिंगच्या बैठका मोजून लिहून ठेवायची सवय लावली आणि त्या वह्यांनी आमचा धंदा बदलला.

दुसरी कमकुवत जागा डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग. फोक्सवॅगनच्या जुन्या पाच गिअरच्या काही बॉक्समध्ये क्राऊन व्हील (डिफरन्शिअलवरचा मोठा गिअर) रिव्हेटने बसवलेलं असे. क्लच झटक्यात सोडला, पुढची चाकं उड्या मारू लागली की तो मार थेट रिव्हेटवर. रिव्हेट सुटलं तर हाउसिंगला भोक पाडूनच थांबतं. म्हणून असा बॉक्स उघडला की आम्ही उच्च ताकदीचे बोल्ट घालतो. तासन्‌तासाचा स्थिर भार सोसणारा बॉक्स अशा एका झटक्याने जातो. त्यामुळे गाडीला चिकट टायर लावले आहेत का, हे आम्ही टॉर्कइतक्याच बारकाईने विचारतो. टायर घसरला तर जादा जोर रस्त्यावर वाया जातो, टायर धरून राहिला तर तो बॉक्सनेच सोसायचा. क्लचचंही तेच. तो फ्यूजसारखा असावा, बॉक्सच्या आधी हार मानणारा. गरजेपेक्षा कितीतरी दणकट प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारी चकती) बसवायला आम्ही नकार देतो.

रॅलीत उतरणाऱ्यांसाठी आम्ही सुटे गिअर बनवू लागलो तेव्हा खरी अडचण डिझाइनची नव्हती. हॉबिंगवाले, म्हणजे गिअरचे दात कापणारे, एका जोडीसाठी मशीन लावायला तयार होत नसत. हीट ट्रीटमेंटवाल्यांना भट्टी भरेल एवढा माल हवा असे. शेवटी एका ओळखीच्या भट्टीवाल्याने वाट दाखवली : २०एमएनसीआर५ पोलादाचा दुसऱ्याचा मोठा लॉट लागेल तेव्हा आमचे गिअर त्यात घालायचे. थांबावं लागतं, पण कार्बुरायझिंग (भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवणं) एकसारखं होतं. पृष्ठभाग ५८ ते ६२ रॉकवेल सी (कडकपणाचं माप) एवढा कडक, आतला गाभा चिवट. ग्राइंडिंगनंतर दातांच्या मुळाशी शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा) करतो, कारण वाकण्याची भेग तिथूनच सुरू होते. सरळ दाताचा सेट बाजूला ढकलत नाही, पण केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही एवढा ओरडतो. रोजच्या गाडीसाठी तो आम्ही विकत नाही.

रोजच्या गाडीसाठी आता आम्ही ट्यूनिंग करणाऱ्यांसोबत बसून टॉर्कचा आलेख आखतो. २५०० आरपीएमच्या खाली जोर आवरायचा, वर मोकळा सोडायचा. पॉवर जवळपास तेवढीच मिळते, पिकअपही छान लागतो. तेलात कंपनीने सांगितलेलंच वापरतो. 'जास्त दणकट' म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओतू नका, त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्याला) मानवत नाहीत.

काम घेऊन येणार असाल तर डायनोचा (पॉवर-टॉर्क मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख, टायरची साइज आणि काढलेलं जुनं तेल स्वच्छ बाटलीत आणा. तेलातला चुरा पाहिला की बॉक्स उघडायचा की नाही, हे बऱ्याचदा दारातच ठरतं.