कॅरियरचा डावा पाय सुटाच होता

सायकलच्या मागच्या कॅरियरचं काम या आठवड्यात पुन्हा हातात घेतलं. कोथरूडहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत 15 किलो सामान निर्धास्त नेता यावं, एवढंच मागणं. ॲल्युमिनियमचे दोन पाय खाली मागच्या चाकापाशी एकेका बोल्टवर, वर पाटी, आणि पाटीपासून सीटखालच्या नळीकडे जाणारी पट्टी. प्रत्यक्ष बनवण्याआधी भार पेलेल का ते संगणकावर तपासतोय: मॉडेल प्रीपोमॅक्स या प्रोग्राममध्ये, आणि गणित सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, कॅल्क्युलिक्स.

पहिल्याच रनमध्ये डाव्या पायाचं विस्थापन 10 कोटी मिलिमीटर आलं. म्हणजे 100 किलोमीटर! भाग कुठेतरी मोकळा आहे, त्याला अडवणारं काहीच नाही आणि स्टिफनेस मॅट्रिक्स (भार आणि हालचाल जोडणारी समीकरणं) सिंग्युलर झालंय, म्हणजे त्याला एकच ठाम उत्तर उरलेलं नाही, हे उघड होतं. मी घाईने पायाला 1 न्यूटन प्रति मिमीची मऊ स्प्रिंग लावली. रन सुरळीत झाला, रंगीत चित्रही छान आलं, आणि त्यावर मी दोन संध्याकाळी विश्वास ठेवला.

मग रिॲक्शन, म्हणजे प्रत्येक आधारावर किती भार येतो ते पाहिलं. 150 न्यूटन भार पाटीच्या मधोमध, तरी डाव्या बोल्टवर जवळजवळ शून्य. सगळा भार उजवा पाय आणि पुढची पट्टी पेलत होते. स्प्रिंगने तक्रार बंद केली होती, चूक जिथल्या तिथे होती.

स्प्रिंग काढली आणि भार न लावता फ्रिक्वेन्सी रन घेतला, पहिले दहा मोड, म्हणजे वस्तूच्या आपसूक हलण्याच्या तऱ्हा आणि प्रत्येकीची कंपनगती. (मिमी-न्यूटनमध्ये काम करत असाल तर घनता टन प्रति घन मिमीमध्ये द्या, ॲल्युमिनियमसाठी 2.7 गुणिले 10 चा उणे नववा घात. हे चुकलं की आकडे भलतेच येतात.) पूर्ण सुटी वस्तू सहा तऱ्हांनी हलते, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या, त्यांना अडवणारं काही नसतं, तेव्हा सहा मोड शून्याजवळ येतात. माझा एकच आला, 0.004 हर्ट्झ, पुढचा थेट 38. एकच मोड शून्याजवळ, म्हणजे कुठेतरी बिजागरी. ॲनिमेशन लावलं तर डावा पाय खालच्या बोल्टभोवती घड्याळाच्या लंबकासारखा झुलत होता आणि पाटी जागची हलत नव्हती. खालची बिजागरी मीच ठेवलेली, एका बोल्टवर पाय फिरणारच. वरचा जोड मात्र लागलाच नव्हता.

कारण ड्रॉइंगमध्ये निघालं. पायांमधलं आतलं अंतर 120.3 मिमी, पाटी 120 ची. पाटी मी उजव्या पायाला टेकवून बसवली, त्यामुळे 0.3 मिमीची सगळी फट डावीकडे गेली. मॉडेल छोट्या तुकड्यांत (एलिमेंट) कापलेलं असतं, त्यांच्या जाळीला मेश आणि जाळीच्या बिंदूंना नोड म्हणतात. कॅल्क्युलिक्सचा टाय, म्हणजे दोन भाग एकमेकांना चिकटवणारी अट, काही सांगितलं नाही तर एलिमेंटच्या आकाराच्या 2.5 टक्के अंतरापर्यंतच नोड पकडतो. माझा मेश 4 मिमीचा, म्हणजे पकड 0.1 मिमी. आउटपुटमध्ये त्या नोडांसाठी टाय बनला नसल्याच्या वॉर्निंग ओळीने होत्या. मी त्या वाचल्याच नाहीत, याचं फार वाईट वाटलं.

टॉलरन्स, म्हणजे टायची ही पकड, 0.5 मिमी केला. शून्याचा मोड गेला. रिॲक्शन आता डावीकडे 58, उजवीकडे 59, पट्टीवर 33. बेरीज बरोबर 150. उजव्या पायातला ताण जवळपास निम्म्यावर आला. आधीच्या आकड्यांवर गेलो असतो तर पाय उगाच जाड केले असते.

पुढच्या आठवड्यात टाय काढून खरे एम5 (5 मिमी जाडीचे) बोल्ट आणि कॉन्टॅक्ट, म्हणजे भाग चिकटलेले नाहीत, फक्त एकमेकांना टेकतात. भोक 5.5 चं, बोल्ट 5 चा, म्हणजे सुरुवातीला दांडा कुठेच टेकलेला नसणार आणि पाय पुन्हा सुटा होणार. म्हणून आधीच्या स्टेपमध्ये फक्त बोल्ट आवळणार, भार त्यानंतरच्या स्टेपमध्ये. कोणी प्रीटेन्शन (बोल्ट आवळल्याचा ताण) असं टप्प्याने दिलं असेल, तर पहिल्या स्टेपमध्ये पाटी कशी धरून ठेवली ते जरूर सांगा.